प्रकल्प अहवालातील ऋणनिर्देश: कोणाचे आणि नेमके कोणते ऋण?

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, चौघींनी मिळून केलेल्या प्रकल्पाचा अहवाल बांधणीला द्यायचा आहे आणि ऋणनिर्देशाचे पान तेवढे राहिले आहे. गेल्या वर्षीच्या अहवालातील मजकूर नावे बदलून वापरला तर चालेल का, नावे कोणत्या क्रमाने घ्यावीत, आई-वडिलांचा आणि मैत्रिणींचा उल्लेख करावा का, आणि हे पान किती मोठे असावे, असे तिचे प्रश्न आहेत. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करण्याचे आणि परीक्षक म्हणून अहवाल तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. हे पान घाईत, शेवटच्या रात्री लिहिले गेले की काय होते ते मी वारंवार पाहिले आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: जुना मजकूर वापरू नका. नक्कल वाईट दिसते एवढेच त्याचे कारण नाही. त्या मजकुरात दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला झालेल्या मदतीची नोंद आहे आणि ती तुमच्या कामाला लागू पडत नाही. एकदा तोंडी परीक्षेला माझ्यासमोर आलेल्या अहवालाचा विषय ग्रंथालयाच्या वापराचे सर्वेक्षण हा होता, आणि ऋणनिर्देशात मात्र ‘यंत्रसामग्री हाताळू दिल्याबद्दल’ कोणा व्यवस्थापकांचे आभार मानलेले होते. विद्यार्थ्यांनी नावे बदलली होती, वाक्य तसेच राहून गेले होते. सर्वेक्षण त्यांनी खरोखर मेहनतीने केले होते हे पुढच्या अर्ध्या तासात माझ्या लक्षात आले, परंतु तो अर्धा तास त्यांना आपले काम आपणच केले आहे हे पटवून देण्यात घालवावा लागला. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र यांचा मजकूर ठरलेला असतो, त्यामुळे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शब्दांतले पहिले पान परीक्षकाला दिसते ते बहुधा हेच, आणि येथेच उसने शब्द आढळले तर पुढच्या प्रत्येक पानाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

आता या पानाचे काम काय ते पाहू. ‘ऋणनिर्देश’ हा शब्दच ते सांगतो. निर्देश करणे म्हणजे बोट ठेवून दाखवणे. आपल्यावर कोणाचे आणि कोणते ऋण आहे ते दाखवणे हे या पानाचे काम आहे, आणि एखाद्या समारंभाच्या शेवटी होणाऱ्या आभारप्रदर्शनापेक्षा ते येथेच वेगळे ठरते. समारंभात उपस्थितांचा मान राखायचा असतो, तेथे स्तुतीला जागा आहे. अहवाल मात्र केलेल्या कामाचा लेखी पुरावा असतो, आणि ऋणनिर्देश हा त्या पुराव्याचाच भाग आहे: उपकरण कोणाचे होते, माहिती कोणी उपलब्ध करून दिली, चूक कोणाच्या लक्षात आली, कच्चा मसुदा कोणी वाचला, हे त्यातून वाचणाऱ्याला कळले पाहिजे. म्हणून माझी एकच कसोटी आहे. प्रत्येक नावापुढे ‘कशाबद्दल?’ असा प्रश्न विचारावा. उत्तर वाक्यातच मिळत असेल तर वाक्य ठेवावे, मिळत नसेल तर वाक्य पुन्हा लिहावे.

शेजारच्या पानांशी या पानाची गल्लत होऊ देऊ नये. काम विद्यार्थ्याने मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली पूर्ण केले याची ग्वाही संस्था प्रमाणपत्रात देते, काम आपले स्वतःचे असल्याचे विद्यार्थी प्रतिज्ञापत्रात सांगतो, आणि अर्पणपत्रिका ही पूर्णपणे भावनेची जागा असल्याने तेथे कारण देण्याची गरज नसते. ज्यांची पुस्तके, लेख किंवा आकडेवारी वापरली त्यांची जागा संदर्भसूचीत आहे. एखाद्या लेखकाचे ऋणनिर्देशात आभार मानले म्हणजे त्याचा संदर्भ देण्याची जबाबदारी संपली, असे होत नाही. पानांचा क्रम संस्थेगणिक बदलतो, तरी साधारणपणे ऋणनिर्देश प्रतिज्ञापत्रानंतर आणि गोषवारा किंवा अनुक्रमणिकेच्या आधी येतो, आणि या आरंभीच्या पानांना पुष्कळ ठिकाणी रोमन अंक दिले जातात. संस्थेने नमुना दिला असेल तर क्रम, शीर्षक आणि अक्षराचा आकार त्यानुसारच ठेवावा. वाक्ये तुमची असावीत.

लिहायला बसण्यापूर्वी यादी करा, आणि ती आठवणीतून करू नका. आठवणीत राहतात ती शेवटच्या पंधरवड्यातली माणसे आणि मोठ्या पदांवरची माणसे. सहा महिन्यांपूर्वी पहिली परवानगी मिळवून देणारी व्यक्ती तोवर विस्मरणात गेलेली असते. प्रकल्पाची नोंदवही, पाठवलेल्या ई-मेल, गटाचे संदेश आणि परवानगीपत्रांची फाईल समोर घ्या आणि कामाच्या एकेका टप्प्यावर थांबा: विषय ठरला तेव्हा, साहित्य जमवले तेव्हा, परवानगी मागितली तेव्हा, माहिती गोळा केली तेव्हा, आकडेमोड केली तेव्हा, लिहिले तेव्हा, तपासून घेतले तेव्हा. कागदाचे दोन रकाने करा, डावीकडे नाव आणि उजवीकडे त्या व्यक्तीने केलेली गोष्ट. उजवा रकाना भरताना जेथे हात थांबतो, तेथे नाव केवळ पदामुळे यादीत आले आहे असे समजावे. अशी नावे काढून टाकावीत असे मी म्हणत नाही. त्यांना एकत्र, एका वाक्यात स्थान द्यावे.

उजव्या रकान्यात काय सापडू शकते याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडलेले आहे. पाण्याचे नमुने टायट्रेशनने, म्हणजे अनुमापनाने (माहीत असलेले द्रावण थेंबाथेंबाने सोडून किती लागले ते मोजून) तपासण्याचा एक प्रकल्प होता. एकाच नमुन्याची तीन वाचने एकमेकांशी जुळत नव्हती, आणि पहिले वाचन प्रत्येक वेळी उरलेल्या दोहोंपेक्षा जास्त येत होते. गटाने द्रावण पुन्हा तयार केले, सूचकाचे प्रमाण बदलून पाहिले, चार दिवस गेले. पाचव्या दिवशी प्रयोगशाळा सहायकांनी ब्युरेट, म्हणजे द्रावण सोडण्याची तोटी असलेली मापनळी, उजेडाकडे धरले आणि तोटीच्या खालच्या टोकात अडकलेला हवेचा बुडबुडा दाखवला. पहिल्या अनुमापनात तो बुडबुडा निसटत होता, त्याची जागा द्रावण घेत होते, आणि फ्लास्कमध्ये न पडलेले तेवढे द्रावणही वाचनात मोजले जात होते. त्या दिवसापासून प्रत्येक वाचनापूर्वी तोटी पूर्ण उघडून बुडबुडा काढण्याची पद्धत सुरू झाली आणि आधीची सगळी वाचने नव्याने घेतली गेली. गटाने लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात या माणसाचे नाव नव्हते. तेथे असे वाक्य होते:

‘तसेच सर्व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी वेळोवेळी केलेल्या बहुमोल सहकार्याबद्दल आम्ही त्यांचे मनःपूर्वक आभार मानतो.’

या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही, आणि तरीही त्यातून काहीच कळत नाही. कोणत्याही विषयाच्या, कोणत्याही वर्षाच्या अहवालात ते तसेच बसेल. चर्चेनंतर गटाने ते बदलले:

‘ब्युरेटमधील हवेच्या बुडबुड्यामुळे आमची सुरुवातीची वाचने चुकत असल्याचे प्रयोगशाळा सहायक श्री. अमुक यांनी दाखवून दिले. तिसऱ्या प्रकरणातील सर्व वाचने त्यानंतर नव्याने घेतलेली आहेत. त्यांच्या या मदतीबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.’

दुसऱ्या मसुद्यात स्तुतीचे विशेषण एकही नाही, आणि तरी कृतज्ञता पहिल्यापेक्षा किती तरी अधिक जाणवते, असे मला मनापासून वाटते. शिवाय त्यातून परीक्षकाला एक उपयुक्त माहिती मिळते: या गटाला आपली चूक कोठे होती हे माहीत आहे आणि त्यांनी ती दुरुस्त केली आहे. तोंडी परीक्षेत त्यांना त्याबद्दलच विचारले गेले आणि त्यांना सविस्तर उत्तर देता आले.

नेमकेपणाचे महत्त्व केवळ विद्यार्थ्यांच्या अहवालापुरते नाही. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांनी डीएनएच्या रचनेवरचा जो छोटा लेख ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केला, त्याच्या शेवटी ऋणनिर्देश आहे. रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू यांचे आभार सतत केलेल्या सूचनांबद्दल आणि चिकित्सेबद्दल, विशेषतः अणूंमधील अंतरांच्या बाबतीत, मानलेले आहेत. येथे ऋण कोणते ते स्पष्ट आहे. त्याच्या पुढच्याच वाक्यात लंडनच्या किंग्ज कॉलेजात याच विषयावर प्रयोग करणारे विल्किन्स, रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचे सहकारी यांच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या आणि कल्पनांच्या ‘सर्वसाधारण स्वरूपाची’ माहिती असल्याने चालना मिळाली, एवढेच म्हटले आहे. फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरण छायाचित्राचा आणि मोजमापांचा त्या रचनेपर्यंत पोहोचण्यात किती वाटा होता हे पुढे उघड झाले, आणि त्या मोघम वाक्याची चर्चा आजही थांबलेली नाही. दोन्ही वाक्ये एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी आहेत. नेमका आणि मोघम ऋणनिर्देश यांतला फरक विद्यार्थ्यांना समजावताना मी नेहमी हीच जोडी दाखवतो.

रचनेबद्दल फारसे नियम नाहीत. केन हायलंड या भाषाभ्यासकांनी हाँगकाँगमधील पाच विद्यापीठांच्या २४० प्रबंधांतील ऋणनिर्देश अभ्यासून २००३ साली त्यांची रचना मांडली. त्यांना तीन भाग आढळले: कामाच्या वाटचालीबद्दल थोडे चिंतन, मग आभार, आणि शेवटी उरलेल्या उणिवांची जबाबदारी स्वतःवर घेणे किंवा काम कोणाला तरी अर्पण करणे. यांपैकी मधला भाग आवश्यक, बाकीचे दोन ऐच्छिक. विद्यार्थ्याच्या अहवालासाठी हा सांगाडा पुरेसा आहे. चिंतन एक-दोन वाक्यांपेक्षा जास्त नको, आणि संपूर्ण मजकूर एका पानात, साधारण १५० ते ३०० शब्दांत बसावा. दोन पानांचा ऋणनिर्देश मी पाहिलेला आहे, परंतु त्या दुसऱ्या पानाची गरज होती असे एकदाही वाटले नाही.

क्रमाचा प्रश्न विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त सतावतो, कारण त्यांना कोणाचा रोष नको असतो. माझे मत असे आहे की, क्रम कामातील सहभागाने ठरावा आणि म्हणून मार्गदर्शकांचे नाव पहिले यावे. त्यानंतर ज्यांच्याकडून माहिती, नमुने, उपकरणे किंवा परवानगी मिळाली त्या संस्था आणि व्यक्ती, मग मसुदा वाचणारे आणि आकडेमोडीत मदत करणारे, मग प्रयोगशाळा व ग्रंथालयातील कर्मचारी, त्यानंतर संस्थेचे प्रमुख आणि विभागप्रमुख सोयीसुविधा उपलब्ध करून दिल्याबद्दल एका वाक्यात, आणि शेवटी मित्रमंडळी व कुटुंबीय. काही संस्थांत प्रमुखांचे नाव आरंभी घेण्याची रीत असते. ती लेखी नियमात असेल तर पाळावी, त्यावरून वाद घालण्यासारखे काही नाही. एक छोटे वाक्य आधी आले म्हणून पुढच्या मजकुराचे काही बिघडत नाही. प्रकल्पाला आर्थिक साहाय्य मिळालेले असेल तर मात्र येथे स्वातंत्र्य नाही. साहाय्य देणाऱ्या संस्थेने मंजुरीपत्रात उल्लेखाची शब्दरचना दिलेली असते, योजनेचे नाव आणि मंजुरी क्रमांकही दिलेला असतो, आणि तो मजकूर जसाच्या तसा यावा लागतो.

मराठीत हे पान लिहिताना भाषेच्या काही चुका इतक्या सरसकट होतात की त्यांची वेगळी दखल घ्यावीशी वाटते. ‘मी त्यांचे आभारी आहे’ हे वाक्य चुकीचे आहे. आभार मानायचे तर ‘मी त्यांचे आभार मानतो’ किंवा ‘मानते’. आभारी व्हायचे तर लिहिणारा पुरुष असल्यास ‘मी त्यांचा आभारी आहे’ आणि स्त्री असल्यास ‘मी त्यांची आभारी आहे’. गटात सगळ्या मुलीच असतील तर ‘आम्ही त्यांच्या आभारी आहोत’, आणि मुलगे किंवा मिश्र गट असेल तर ‘आम्ही त्यांचे आभारी आहोत’. जुन्या अहवालातून वाक्य उचलले की हे लिंग-वचन हमखास बिघडते, हा आणखी एक तोटा. ‘ऋण व्यक्त करतो’ असेही पुष्कळ जण लिहितात. कृतज्ञता व्यक्त करतात, ऋण मान्य करतात. ‘प्राध्यापकवृंदांचे’ लिहू नये, कारण वृंद म्हणजेच समूह, म्हणून ‘प्राध्यापकवृंदाचे’ पुरेसे आहे. ‘आर्शिवाद’ नव्हे, आशीर्वाद. आणि ‘कृतज्ञ’ हा शब्द छापून आल्यावर एकेक अक्षर बोटाखाली घेऊन वाचावा, कारण ‘ज्ञ’च्या जागी ‘घ्न’ पडले तर कृतघ्न होते आणि वाक्याचा अर्थ नेमका उलटतो. छापलेल्या, सहीशिक्क्यानिशी सादर झालेल्या अहवालात ही चूक मी दोनदा पाहिली आहे.

वाक्प्रचारांच्या बाबतीतही जपावे लागते. ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग आपण स्वतःच्या मदतीबद्दल नम्रतेने करतो. ‘माझ्या मित्रांचा या प्रकल्पात खारीचा वाटा आहे’ असे लिहिले की त्यांची मदत आपणच क्षुल्लक ठरवतो. तसेच ‘त्यांचे आभार न मानता त्यांच्या ऋणात राहणेच मी पसंत करतो’ हे वाक्य कानाला गोड लागते आणि म्हणून सगळीकडे आढळते. भाषणात ते शोभेलही, परंतु ऋण दाखवून देण्यासाठीच राखलेल्या पानावर ते ऋण कोणते हे सांगायचे टाळते. ‘प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे मदत करणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात व्यक्ती’ हे तर असे पांघरूण आहे की ज्याच्याखाली नाव घ्यायला हवे अशी माणसेही झाकली जातात. यादी नीट केली असेल तर या वाक्याची गरज उरत नाही. पदव्यांच्या बाबतीत एकच आदरदर्शक पुरे. ‘माननीय प्रा. डॉ. अमुक सर’ यात आदर चारदा आला आहे आणि वाचताना नाव शोधावे लागते. ‘डॉ. अमुक’ असे लिहून पुढे आदरार्थी क्रियापद वापरले की मान राखला जातो.

परवानगीचा आणि गोपनीयतेचा मुद्दा विद्यार्थ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही, पण मी त्याला फार महत्त्व देतो. ज्यांनी प्रश्नावली भरून दिली, मुलाखती दिल्या किंवा रुग्ण म्हणून माहिती दिली, त्यांना आपण बहुतेक वेळा नाव गुप्त ठेवण्याचे वचन दिलेले असते. पाचव्या प्रकरणात ‘उत्तरदाता क्र. ७’ असे लिहायचे आणि ऋणनिर्देशात त्याच व्यक्तीचे नाव घेऊन मुलाखतीबद्दल आभार मानायचे, म्हणजे ते वचन मोडणे होय. अशा वेळी ‘सर्वेक्षणासाठी वेळ काढून मोकळेपणाने उत्तरे देणाऱ्या सर्व सहभागी व्यक्तींचे’ एवढेच लिहावे; समूहाचा उल्लेख येथे मोघम नसून आवश्यक आहे. ज्या आस्थापनेने आपले नाव उघड न करण्याच्या अटीवर माहिती दिली तिच्या बाबतीतही हेच. उरलेल्या, नावाने उल्लेख होणाऱ्या व्यक्तींना छपाईपूर्वी विचारणे हे शिष्टाचाराला धरून आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिच्या शिफारशींतही उल्लेख होणाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी असे सुचवले आहे, आणि त्यामागचे कारण विचार करण्याजोगे आहे: एखाद्या जाणकाराचे नाव ऋणनिर्देशात आले की त्याला तुमचे निष्कर्ष मान्य आहेत, असा वाचणाऱ्याचा समज होऊ शकतो.

पैसे देऊन घेतलेली मदतही लपवू नये. टंकलेखन, भाषांतर, आलेख काढून घेणे किंवा संख्याशास्त्रीय विश्लेषण यांसाठी कोणाला मोबदला दिला असेल, तर काय करून घेतले ते लिहावे. मोबदला दिल्याने व्यवहार पूर्ण होतो, पण ते काम तुमचे होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल अलीकडे प्रत्येक तुकडीत विचारणा होते. वर उल्लेखलेल्या समितीने २०२३ साली आपल्या शिफारशींत स्पष्ट केले की, अशा साधनाला लेखक म्हणून स्थान देता येत नाही, कारण मजकुराची जबाबदारी ते घेऊ शकत नाही. लेखनासाठी त्याचा उपयोग केला असेल तर तसे ऋणनिर्देशात नोंदवावे, आणि माहितीचे विश्लेषण किंवा आकृत्यांसाठी केला असेल तर ते कार्यपद्धतीच्या प्रकरणात सांगावे, अशी तिची भूमिका आहे. विद्यार्थ्यांनीही हीच विभागणी पाळावी असे मी सुचवतो, मात्र आधी आपल्या संस्थेचा नियम पाहावा, कारण काही ठिकाणी अशा वापराला मनाई असते आणि काही ठिकाणी वेगळे निवेदन जोडावे लागते. साधनाचे आभार मानण्याचे कारण नाही. कोणते साधन, कोणत्या प्रकरणासाठी, कोणत्या कामाला वापरले आणि तपासणी कोणी केली, ही नोंद पुरे.

आई-वडिलांचा आणि मैत्रिणींचा उल्लेख अवश्य करावा, पण त्यांनाही ‘कशाबद्दल?’ या प्रश्नातून वगळू नये. ‘ज्यांच्या आशीर्वादाशिवाय हे शक्य नव्हते’ असे लिहिण्यापेक्षा, नमुने आणायला पहाटे सोबत आलेल्या वडिलांबद्दल किंवा तीनशे प्रश्नावल्यांची नोंद संगणकावर करताना आकडे वाचून दाखवणाऱ्या बहिणीबद्दल लिहिलेले एक वाक्य त्यांना आयुष्यभर जपावेसे वाटेल. २०१७ साली ब्रूस होल्सिंगर या अमेरिकी प्राध्यापकांनी ट्विटरवर जुन्या विद्वानांच्या ग्रंथांतील ऋणनिर्देशांचे नमुने एकत्र करायला सुरुवात केली. त्यांत संपूर्ण हस्तलिखित टंकलिखित करणाऱ्या, काही वेळा तपासणी आणि संपादनही करणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख केवळ ‘माझी पत्नी’ एवढाच होता, नाव कोठेच नव्हते. घरातल्या माणसाने खरे काम केले असेल तर त्याचे नाव घ्यावे, नात्याचा उल्लेख पुरेसा मानू नये. ईश्वराचे स्मरण करावेसे वाटत असेल तर ते एका छोट्या वाक्यात करण्याला माझी हरकत नसते. श्रद्धा ज्याची त्याने ठरवायची.

तुमचा प्रकल्प चौघींचा आहे, म्हणून एक गोष्ट वेगळी सांगतो. अहवाल चौघींच्या नावे असेल तर चौघी त्याच्या लेखिका आहात, आणि लेखिकांनी एकमेकींचे आभार मानायचे नसतात. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांची सरमिसळही टाळावी. प्रत्येकीने स्वतंत्र अहवाल द्यायचा असेल तर उरलेल्या तिघींचा उल्लेख हवा, आणि त्यात कामाची वाटणी स्पष्ट व्हावी. याउलट, गटाबाहेरच्या एखाद्या व्यक्तीने रचना ठरवण्यापासून निष्कर्ष लिहिण्यापर्यंत सगळीकडे भाग घेतला असेल, तर तिची बोळवण ऋणनिर्देशातल्या एका वाक्यावर करता येते का, हे मार्गदर्शकांना विचारा. त्या वाट्याची जागा कदाचित मुखपृष्ठावर असेल.

मार्गदर्शकांनी फारसे लक्ष दिले नाही, असे सांगणारे विद्यार्थीही भेटतात. त्यांची तक्रार खरी असू शकते, पण या पानावर टोमणा मारू नये आणि खोटी स्तुतीही करू नये. जे घडले तेवढे लिहावे: ‘प्रकल्पाच्या विषयाला मान्यता दिल्याबद्दल आणि अंतिम मसुदा वाचल्याबद्दल प्रा. अमुक यांचे आभार.’ वाक्य सत्य आहे, सभ्य आहे आणि त्याखाली सही करताना हात अडखळत नाही.

हे सगळे एकत्र आले की पान कसे दिसेल, त्याचा एक नमुना देतो. तो उचलण्यासाठी नाही. वाक्यावाक्यात कारण कसे गुंफले आहे ते पाहण्यासाठी तो आहे.

‘या प्रकल्पाची सुरुवात आम्ही वीस नमुने तपासण्याच्या विचाराने केली होती. एकाच ठिकाणचे पाणी वेगवेगळ्या महिन्यांत तपासल्यास अधिक कळेल, ही सूचना आमच्या मार्गदर्शक डॉ. अमुक यांनी केली आणि अभ्यासाची दिशा तेथेच बदलली. प्रत्येक प्रकरणाचा मसुदा त्यांनी दोनदा वाचून दुरुस्त केला. त्यांच्या आम्ही ऋणी आहोत. नमुने घेण्यास परवानगी देऊन मागील तीन वर्षांच्या नोंदी पाहू दिल्याबद्दल पाणीपुरवठा केंद्राच्या अधिकाऱ्यांचे, आणि वाचनांतील चूक दाखवून दिल्याबद्दल प्रयोगशाळा सहायक श्री. अमुक यांचे आम्ही आभार मानतो. जुन्या अहवालांच्या प्रती ग्रंथपाल श्रीमती अमुक यांनी शोधून दिल्या. विभागप्रमुख आणि प्राचार्य यांनी सुट्टीच्या काळातही प्रयोगशाळा वापरू दिली, त्याबद्दल त्यांच्या आम्ही आभारी आहोत. नमुने गोळा करताना प्रत्येक फेरीला सोबत आलेले आमच्यापैकी एकीचे वडील श्री. अमुक यांची मदत आम्ही विसरणार नाही. अहवालात उरलेल्या त्रुटींची जबाबदारी आमची आहे.’

याखाली उजवीकडे चौघींची नावे आणि सह्या, डावीकडे स्थळ आणि दिनांक. सह्या प्रत्येक प्रतीवर शाईने कराव्यात, छायाप्रतीवरच्या सह्या काही ठिकाणी नाकारल्या जातात.

बांधणीला देण्यापूर्वी एक काम उरते. प्रत्येक व्यक्तीचे नाव, आद्याक्षरे आणि सध्याचे पद तिच्याकडूनच तपासून घ्या, कारण वर्षभरात बढती किंवा बदली झालेली असू शकते, आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक स्वतःच्या नावात कोणालाही खुपते. एखादी व्यक्ती दरम्यान दिवंगत झाली असेल तर नावापूर्वी ‘कै.’ किंवा ‘दिवंगत’ लिहायला विसरू नका. तपासायला जाताना तिच्याबद्दलचे वाक्यही तिला दाखवा. परवानगी तेथेच मिळते, आणि ‘मी एवढेच केले नव्हते, ती जुनी नोंदवहीही मीच शोधून दिली होती’ असे कोणी आठवण करून दिले, तर पान छापण्याआधी ते जोडायला वेळ हाताशी असतो.